पाऊस ओसरल्यावर उगवणारे रान

जून-जुलैत महाराष्ट्रात बांध हिरवे होतात, डोंगरउतार हिरवे होतात, भिंतीच्या भेगांतूनही काहीतरी डोके काढते. नेमक्या याच आठवड्यांत बहुतेक तळ्यांच्या पाण्याखाली वाढ थांबलेली असते. ओढ्यांनी आणलेली माती पाण्यात तरंगत असते, वीतभर खाली घातलेला हात दिसत नाही, आणि उजेड न मिळाल्याने तळाच्या चिखलातले कंद आणि बिया तशाच पडून राहतात. ऑक्टोबरात पाणी निवळते. रब्बीच्या पेरण्या सुरू होतात त्या सुमारास तळ्याच्या तळाशीही उगवण सुरू होते. तिचा भर थंडीत येतो आणि एप्रिल-मेमध्ये, पाणी आटत जाते तशी ती मोडते.

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींच्या ऋतुचक्राबद्दल जगात जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग या क्रमाशी जुळत नाही. तो उत्तर युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवरून लिहिला गेला आहे. तिथल्या अभ्यासातून जे समजले ते मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे उचलून आपल्या तळ्यांना लावणे घातक ठरते, असे माझे मत आहे. या लेखात ‘पाणवनस्पती’ हा शब्द मुख्यतः पूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पतींसाठी वापरतो: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम, नाजास, पोटॅमोजेटॉन, ऑटेलिया आणि कारा. कारा दिसायला वनस्पतीसारखी असली तरी ती खरे तर शैवाल आहे.

उत्तरेकडचे वर्ष तापमानावर चालते. हिवाळ्यात तळे थंडगार, कित्येकदा वरून गोठलेले. वनस्पती कंद, बिया किंवा हिवाळी कळ्यांच्या रूपात तळाशी. वसंतात, साधारण मेमध्ये, पाण्यातले डॅफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी हिरवे प्लवक खाऊन फस्त करतात आणि काही आठवडे पाणी लख्ख होते. त्या उजेडात कोंब वर येतात, जुलै-ऑगस्टमध्ये भर असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सारे कुजून खाली बसते. याला ठळक अपवाद कुरळ्या पानांच्या पोटॅमोजेटॉनचा. त्याच्या कळ्या शरदात रुजतात, रोप बर्फाखालीही तग धरते, वसंतात सगळ्यांच्या आधी वाढते आणि इतरांचा बहर सुरू होताना, भर उन्हाळ्याच्या तोंडावर, मरून जाते. अमेरिकेत ही वनस्पती बाहेरून आलेली आहे. तिथल्या तळ्यांत तिच्या अशा अवेळी कुजण्याने फॉस्फरस पाण्यात सुटतो आणि त्यावर उन्हाळ्यात शैवाल माजते. आपल्याकडेही ती थंडीतच जोम धरते.

ऋतूचा प्रश्न ‘तळ्याचे आरोग्य’ या प्रश्नाशी घट्ट बांधला गेला तो डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. १९९३ साली त्यांनी मांडले की उथळ तळे दोन स्थिर अवस्थांपैकी एकीत असते. पाणी नितळ आणि तळ वनस्पतींनी भरलेला, ही एक. पाणी गढूळ-हिरवे आणि तळ उघडा, ही दुसरी. वनस्पती गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्ये शोषतात, प्लवक खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना माशांपासून आडोसा देतात. म्हणून नितळपणा नितळपणाला जन्म देतो. एकदा वनस्पती गेल्या की गढूळपणाही तसाच स्वतःला टिकवून धरतो, आणि सांडपाणी थोडे कमी केल्याने तळे परत येत नाही. नेदरलँड्समधल्या फेलुवेमेर या तळ्यात हे घडताना दिसले. १९६०च्या दशकाअखेर तिथली काराची कुरणे नाहीशी झाली. फॉस्फरस रोखल्यावर आणि तळ ढवळणारे ब्रीम मासे पकडून कमी केल्यावर ती परतली, पण तोवर १९९०चे दशक उजाडले होते. शेफर यांचे १९९८चे ‘इकॉलॉजी ऑफ शॅलो लेक्स’ हे पुस्तक आजही या विषयाचा पाया मानले जाते.

मात्र उष्ण प्रदेशातून आलेल्या कामाने या चित्राला तडे दिले. उरुग्वे आणि डेन्मार्क इथल्या तळ्यांची तुलना मारियाना मेरहोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. डेन्मार्कमध्ये पाणवनस्पतींच्या जाळीत सूक्ष्म प्राणी लपतात. उरुग्वेत त्याच जाळीत लहान मासेच मोठ्या संख्येने गोळा होतात, आणि सूक्ष्म प्राण्यांना आडोसा उरत नाही. उष्ण पाण्यातले मासे वर्षभर पिल्ले घालतात, लहान राहतात आणि वनस्पतींतच वावरतात, हे त्याचे कारण. म्हणजे ‘वनस्पती लावा, पाणी आपोआप नितळेल’ हा सल्ला आपल्याकडे तितका खात्रीचा नाही. वनस्पतींचे आपल्या तळ्यांतले मोल दुसऱ्या गोष्टींत जास्त आहे: मासे, पक्षी, प्राणवायू आणि जागचा धरलेला गाळ.

आपल्याकडे मुख्य सूत्र तापमानाचे नाही. दख्खनमधल्या तळ्याचे पाणी बुडालेल्या वनस्पतीला वाढता येणार नाही इतके थंड सहसा होत नाही. अडचण उजेडाची आहे. मुळे धरून वाढणाऱ्या सपुष्प पाणवनस्पती साधारणपणे जिथपर्यंत पृष्ठभागावरच्या उजेडाचा दहावा ते पाचवा हिस्सा पोहोचतो तिथपर्यंतच उतरतात. काळ्या जमिनीतली चिकणमाती अतिशय बारीक असते आणि एकदा पाण्यात मिसळली की लवकर बसत नाही. त्यामुळे पावसाळ्यात ही सीमा तळापासून कितीतरी वर सरकते. जितके पाणलोट क्षेत्र मोठे आणि नांगरलेले, तितका हा अंधार लांबतो. जंगलातून पाणी घेणारे छोटे तळे ऑगस्टमध्येही निवळशंख असू शकते आणि तिथे उगवण दोन महिने आधी सुरू होते. एकाच तालुक्यातल्या दोन तळ्यांचे ऋतू यामुळे वेगळे असतात. सरासरी काढून ‘महाराष्ट्रातील तळी’ असा एकच क्रम सांगणे म्हणूनच फसवे आहे.

तरीही ढोबळ क्रम असा दिसतो. काठाच्या उथळ, नितळ पाण्यात कारा लवकर येते. तिचे बीजाणू कोरड्या चिखलात टिकतात आणि नव्याने भरलेली जागा ती आधी व्यापते. नाजास आणि ऑटेलिया या वर्षायू वनस्पती बियांतून येतात. ऑटेलियाची रुंद, नाजूक पाने पाण्यातच राहतात आणि तीन पाकळ्यांचे फिकट फूल तेवढे वर डोकावते. मुळे नसलेली आणि हलके हलके तरंगत पसरणारी पिवळ्या फुलांची युट्रिक्युलारिया याच काळातली. थंडी पडू लागते तसे हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया तळ व्यापू लागतात. व्हॅलिस्नेरियाचे पुनरुत्पादन पाहण्यासारखे असते. नरफुले तळाशीच देठापासून तुटून वर येतात आणि तरंगतात. मादीफूल लांबलचक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. परागण झाले की तो देठ गुंडाळत जातो आणि फळ पुन्हा पाण्याखाली ओढले जाते. हे सारे शांत पाण्यावरच साधते. पावसाळ्याच्या लोंढ्यात ते शक्यच नाही, म्हणून या वनस्पतीच्या फुलण्याचा काळ आणि पाणी स्थिरावण्याचा काळ यांचा संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो.

हायड्रिलावर थोडे थांबायला हवे, कारण या वनस्पतीबद्दल सर्वांत जास्त माहिती उपलब्ध आहे आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९५०च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोहोचली आणि काही दशकांत तिथल्या तळ्यांचा आणि कालव्यांचा मोठा उपद्रव झाली. तिथे पसरलेल्या वाणाचे मूळ दक्षिण भारताकडे जाते, असे जनुकीय अभ्यासातून पुढे आले. तिला रोखण्यासाठी अमेरिकेत तिच्या ऋतुचक्राचा जितका बारकाईने अभ्यास झाला, तितका तिच्या मायदेशी झाला नाही. त्यातून कळले ते असे की दिवस लहान होऊ लागले की ती चिखलात कंद धरू लागते. फ्लोरिडात हा काळ ऑक्टोबर ते एप्रिल असा आहे. विदर्भाच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आत-बाहेर असतो. म्हणजे आपल्याकडे कंद धरण्याचा इशारा आणि पाणी निवळण्याचा काळ जवळजवळ एकत्र येतात. वाढ आणि साठवण दोन्ही हिवाळ्यात उरकून उन्हाळ्याच्या आत ही वनस्पती जमिनीखाली सुरक्षित होते. मोसमी पावसाच्या प्रदेशासाठी याहून सोयीची रचना सुचणे कठीण. न हलवलेल्या चिखलात हे कंद चार वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहिल्याची नोंद आहे.

दाट हायड्रिलात दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड जवळपास संपतो, सामू नऊच्या वर जातो आणि प्राणवायू ओसंडतो. पहाटे तोच प्राणवायू अगदी कमी झालेला असतो. अशा पाण्यात ही वनस्पती आपली प्रकाशसंश्लेषणाची पद्धत बदलते. मका-उसासारख्या पिकांची जी पद्धत, तिच्याशी मिळतीजुळती पद्धत ती वापरू लागते, आणि तेही त्या पिकांच्या पानांतली खास पेशीरचना नसताना. जॉर्ज बोव्ह्‌ज यांनी फ्लोरिडात केलेल्या कामातून हे समजले. फेब्रुवारी-मार्चमध्ये हायड्रिला पृष्ठभागाला टेकून पसरते आणि खालच्या वनस्पतींचा उजेड हिरावते, तिथवर पोहोचण्याचे बळ तिला यातून मिळते. त्या सुमारास तळ्यातली विविधता घटलेली दिसते. हा ऱ्हास समजून लगेच उपटाउपटी सुरू करू नये. बहुतेक वेळा तो त्या ऋतूचाच भाग असतो.

नोव्हेंबर ते मार्च याच दिवसांत पाहुणी बदके आणि वारकरी पक्षी तळ्यांवर असतात. पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्यातल्या उथळ पाण्यात हायड्रिला, पोटॅमोजेटॉन, व्हॅलिस्नेरिया आणि कारा यांची कुरणे आहेत, आणि तिथली पक्ष्यांची गर्दी मुख्यतः त्या कुरणांमुळे आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. तिथेही गाळाने उथळ झालेला जलाशय हीच पक्ष्यांची सोय ठरली. धरण म्हणून जी उणीव, तीच पाणथळ म्हणून बलस्थान!

यानंतर उन्हाळा. उत्तरेतल्या अभ्यासांत पाण्याची पातळी बहुधा स्थिर धरलेली असते. आपल्याकडे ती वर्षात दोन-चार मीटरनेही खाली जाते. काठचा पट्टा उघडा पडतो, वनस्पती वाळून चिखलाला चिकटतात, गुरे त्यावर फिरतात, कुठे कलिंगडाच्या वाड्या लावल्या जातात. हे पाहून तळे मेले असे म्हणायचे कारण नाही. चिखल उघडा पडून तापला की साचलेला कुजका माल हवेत विघटित होतो, गाळ घट्ट बसतो आणि पुढच्या पाण्यात तो सहज ढवळत नाही. काही बियांना तर रुजण्याआधी सुकण्याची गरजच असते. या ऋतूची अगदी आटोपशीर आवृत्ती सह्याद्रीच्या सड्यांवर दिसते. कासच्या पठारावरच्या डबक्यांत जूनमध्ये पाणी साचते आणि पाऊस संपल्यावर थोड्याच आठवड्यांत ते आटते. तेवढ्या काळात वायतुरा कंदातून उगवतो, फुलतो आणि पुन्हा जमिनीत जातो. १९८२ साली शास्त्रीय नाव मिळालेली ही प्रजाती फक्त याच भागातली. तिथे खडकावर माती थोडी, पाणी नितळ, म्हणून उगवणीला ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही.

कोरडा काळ काढून घेतला तर काय होते, याचे देशातले सर्वांत ढळढळीत उदाहरण मणिपूरचे लोकताक. तिथे फुमडी, म्हणजे वनस्पतींचा तरंगता थर, आहे, बुडालेली कुरणे नव्हेत. पण धडा तोच आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की फुमडी तळाला टेके, मुळांना चिखलातून पोषण मिळे आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. १९८३ साली इथाई बंधारा झाला, पातळी वर्षभर उंच राहू लागली, फुमडीचे तळाला टेकणे बंद पडले आणि ती पातळ होत गेली. तिथल्या केयबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातल्या संगाई हरणांच्या पायाखालची जमीनच अशी झिजली. राजस्थानातल्या भरतपूरला चूक वेगळी झाली. १९८२ साली म्हशींची चराई बंद केली आणि पास्पालम गवताने उथळ पाणी व्यापले. मोकळे पाणी आणि त्यातल्या वनस्पती दोन्ही आक्रसल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने चराईचे महत्त्व दाखवून दिले. माणूस आणि जनावर या ऋतुचक्राच्या बाहेर उभे नाहीत.

आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी तलावांत हे फार स्पष्ट दिसते. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले हे हजारो तलाव भातासाठी आहेत. त्यामुळे खरिपाच्या शेवटी पाणी सोडणे आणि उन्हाळ्यात काठ उघडा पडणे हे त्यांच्या रचनेतच आहे. त्यातल्या मासेमारीवर ढिवर समाज जगतो. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यात येते, कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, कोणता तिच्या आडोशाने शिकार करतो, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ते नोंदवले आणि त्यावर काम उभे केले. उन्हाळ्यात बेशरमाची झुडपे मुळासकट काढणे, तळ नांगरून भुसभुशीत करणे आणि पावसानंतर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम आणि कुमुदिनीवर्गीय वनस्पती निवडून लावणे, असा तो क्रम आहे. लावणीत गावातल्या स्त्रिया पुढे आहेत. मरळीसारखे स्थानिक मासे अशा तलावांत परतले. आजवरच्या सगळ्या भारतीय प्रयत्नांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो या तलावांच्या स्वतःच्या महिन्यांप्रमाणे चालतो. लावणी भाताची असो की तळ्याची, हंगाम चुकला की सगळे व्यर्थ.

याच्या उलट दिशेने जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. मत्स्योत्पादन वाढवण्यासाठी सोडलेला सायप्रिनस तळ उकरतो आणि निवळलेले पाणी पुन्हा गढूळ करतो. नेमके ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कोंब बोटभर असताना, हे सर्वांत महाग पडते. १९५९ साली देशात आणलेला गवत्या मासा तर वनस्पतीच खातो. ज्या शेततळ्यात तण नको तिथे तो ठीक. ज्या तळ्यावर स्थानिक मासे आणि पक्षी अवलंबून आहेत तिथे त्याचे बोटुकले सोडणे हे कुरणात आग लावण्यासारखे आहे. शहरांजवळ जलपर्णी आहे. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उन्हाळ्याकडे जाताना पाणी झाकते आणि तिच्याखालच्या वनस्पती पुढच्या हंगामाचे कंद धरण्याआधीच उजेडाला मुकतात. पुण्याच्या आसपासच्या पाण्यांत हे दरवर्षी दिसते.

गाळ काढण्याबद्दल मात्र सावकाश बोलायला हवे, कारण ते काम चांगल्या हेतूने होते आणि शेतकऱ्याला त्याचा फायदाही होतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून राज्यात आहे. अडचण अशी की पाणवनस्पतींचे कंद, बिया आणि काराचे बीजाणू गाळाच्या वरच्या थोड्याशा थरातच असतात. यंत्र लावून संपूर्ण तळ खरवडला आणि तिरप्या काठाऐवजी उभा कापला की बियांचा साठा शेतावर जातो आणि उरलेले पाणी उजेड पोहोचणार नाही इतके खोल होते. तळ्याचा एखादा तिरपा, उथळ भाग न उकरता ठेवला, निदान वरचा थर बाजूला काढून पुन्हा पसरला, तर पुढच्या ऑक्टोबरात उगवणीला सुरुवात करायला काहीतरी उरेल. शहरी सुशोभीकरणात दगडी भिंती बांधून पातळी वर्षभर कायम ठेवतात; तिथे उथळ काठही नाही आणि उघडा पडणारा काठही नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. विदर्भातल्या पाणवनस्पतींवर मिराशी यांनी १९५०च्या दशकात लिहिले. सुब्रह्मण्यम यांचे ‘अ‍ॅक्वाटिक अँजिओस्पर्म्स’ १९६२चे. ख्रिस्तोफर कुक यांचा भारतातल्या पाणवनस्पतींवरचा ग्रंथ १९९६चा. कोणती वनस्पती कोणती, हे ओळखायला आपल्याकडे चांगला आधार आहे. कधी काय घडते, हे सांगणाऱ्या नोंदी मात्र विरळ. आपल्या प्रबंधांत वर्षाचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन चार-महिनी तुकडे करून सरासरी काढण्याची रूढी आहे. पाणी निवळल्यापासून कोंब पृष्ठभागाला पोहोचेपर्यंतचे निर्णायक आठवडे या सरासरीत बुजून जातात. उपग्रहचित्रांतून जलपर्णी दिसते, पण गढूळ पाण्याखालची हायड्रिला दिसत नाही. म्हणून आकडे तरंगत्या वनस्पतींचे जमतात आणि धोरणही त्यांच्याच भोवती फिरते.

या नोंदींची निकड आता वाढली आहे. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून पाऊस परतायला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईसाठी परतीची तारीख आता ८ ऑक्टोबर आहे. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, ऑक्टोबरात जोराच्या सरी आल्या, की गढूळपणा लांबतो. दिवस लहान होण्याची वेळ मात्र तीच राहते. उजेड मिळण्याआधीच कंद धरण्याचा इशारा आला, तर वाढीला मिळणारे आठवडे कमी होतात आणि दुसऱ्या टोकाला लवकर तापणारा मार्च ते आणखी कापतो. हे आपल्या तळ्यांत घडू लागले आहे का, हे तपासायला फार खर्च लागत नाही. पाण्याची नितळता मोजायला सेकी यांनी १८६५ साली वापरलेली पांढरी तबकडी, लांब दांड्याचा दाताळा, पाणपातळीची पट्टी आणि ऑगस्ट ते मे दर पंधरवड्याला त्याच ठिकाणी जाणारी दोन माणसे एवढे पुरते. महाविद्यालये तळ्यांच्या काठावर आहेत, ढिवरांच्या होड्या तळ्यांत आहेत. सुरुवात येत्या ऑगस्टमध्ये, पाणी गढूळ असतानाच करावी लागेल. निवळायला लागल्यावर गेले तर पहिली नोंद हुकलेली असते.